बंडी, जाकीट आणि बाईचा खिसा

मी बचत गटांची समन्वयक. रोज चार गावं फिरते, गटाच्या बैठका घेते, वह्या तपासते. आज मात्र व्याज, हप्ता, हजेरी यावर बोलणार नाही. आज बोलायचं आहे कपड्यावर. बिनबाह्यांचं जाकीट, म्हणजे पोरी ज्याला ‘स्लीव्हलेस ब्लेझर’ म्हणतात, ते. तुम्ही म्हणाल, ताईला आज फॅशन सुचली! पण थोडं ऐकून घ्या. या जाकिटाची गोष्ट पैशापाशी सुरू होते आणि पैशापाशीच संपते.

मागच्या वर्षी आमच्या एका गटाच्या खजिनदार ताई बाजाराच्या दिवशी बँकेत भरणा करायला निघाल्या. महिन्याची बचत होती, 1850 रुपये. त्यांनी ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि पदर कमरेला खोचला. काळीपिवळीत आठ जणांच्या जागी चौदा माणसं. उतरताना पदर कुठंतरी अडकला, ओढला गेला. बँकेच्या दारात पाहतात तर गाठ सुटलेली आणि पैसे गेलेले. बाई तिथंच पायरीवर बसल्या. दोन दिवस घरात चूल पेटवली तेवढंच, तोंडात घास घेतला नाही. पैशापेक्षा त्यांना धास्ती होती ती बायांच्या तोंडाची. ‘खाऊन टाकले असतील’ असं कुणी म्हटलं तर?

बैठक बसली. कुणी बोललं नाही, पण हवा कोंदटच होती. तेवढ्यात आमची एक म्हातारी सभासद म्हणाली, “माणसायचे पैसे काऊन नाही पडत वो? त्यायले खिसा हाय. आपल्याले गाठ हाय.” सगळ्या हसल्या. मी पण हसले. घरी येताना मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. खरंच, बाईच्या कपड्याला खिसा कधीपासून नाही? आणि पुरुषाला तो कधी मिळाला? मी बीएला इतिहास घेतला होता. राजे, लढाया, तह सगळं पाठ केलं, पण खिशाचा इतिहास कुणी शिकवला नाही. म्हणून मग मीच शोधायला बसले.

आधी शब्दच पाहा. ‘खिसा’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. तिकडे ‘कीसा’ म्हणजे पिशवी. म्हणजे मुळात खिसा हा कपड्याला शिवलेला नव्हता, ती वेगळी पिशवीच होती. आपल्याकडचे व्यापारी आणि गाडीवान कमरेला ‘कसा’ बांधायचे, पैशाची लांब, अरुंद पिशवी. बायांजवळ काय होतं? कनवटी, म्हणजे लुगड्याच्या निरीजवळ खोचलेली नाणी. पदराची गाठ. पान-सुपारीची चंची, तिच्या एका कप्प्यात दोन-चार आणे. थोड्या सुखवस्तू घरी बटवा. आपल्या जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यांवर आरसे, कवड्या लावून, रंगीत दोऱ्यानं भरून केलेल्या पिशव्या अजून पाहायला मिळतात. माझ्या आजीची चंची मला आठवते. ती गेली तेव्हा उशाखाली तीच सापडली. आत सुपारीचं खांड आणि घडी घातलेली दहाची नोट.

तर बाईजवळ पैसे ठेवायची जागा होतीच. पण ती जागा कशी होती? लपवलेली, बांधलेली, सुटणारी. चोळीला खिसा नव्हता, लुगड्याला नव्हता. पाहा, पारशी समाजात बाई आणि पुरुष दोघंही अंगात पांढरा सुद्रा घालतात, आणि त्याला छातीवर एक इवलासा शिवलेला खिसा असतो. त्याचा अर्थ, चांगल्या कर्मांचा खिसा. कर्मं साठवायला दोघांनाही सारखाच खिसा! मला ते फार आवडलं. पण पैशासाठीचा खिसा मात्र सगळीकडे पुरुषाच्याच अंगावर आधी आला.

आपल्याकडे तो आला बंडीवर. आता आपल्या यवतमाळात ‘बंडी’ म्हटलं की आधी बैलगाडीच डोळ्यापुढं येते. मी बोलते आहे ती अंगातली बंडी. धोतरावर घालायची, आखूड, सुती, पुढून उघडी, बहुधा बिनबाह्यांची. शेतकऱ्याच्या बंडीला बाहेर दोन खिसे आणि आत एक चोरखिसा. बाजारात कापूस विकला, बैल विकला की पैसा त्या चोरखिशात. अशाच बिनबाह्यांच्या कपड्याला उत्तरेकडे ‘सदरी’ म्हणतात. ‘सद्र’ म्हणजे छाती. आपला ‘सदरा’ही त्याच शब्दातून आला. उन्हाळ्यात बाह्या नकोशा वाटतात आणि हात कामाला मोकळे हवे असतात. छाती-पाठ तेवढी झाकली, वर पैसे ठेवायला जागा झाली, की झालं. बिनबाह्यांचं जाकीट हे असं कामाच्या माणसाचं वस्त्र आहे, नट्यांचं नव्हे.

गंमत अशी की साहेबांचं जाकीटसुद्धा आपल्याच बाजूनं गेलं. 1666 सालची गोष्ट. त्या वर्षी ऑगस्टमध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले हे आपल्याला पाठ आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिकडे इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानं दरबारात नवा पोशाख सुरू केला. कोटाच्या आत घालायचा अंगरखा. सॅम्युएल पीप्स नावाच्या आरमारी अधिकाऱ्यानं ते आपल्या रोजनिशीत टिपून ठेवलं. जॉन एव्हलिन नावाच्या दुसऱ्या गृहस्थानं लिहिलं की हा तर इराणी धाटणीचा कपडा. सुरुवातीला तो चांगला लांब होता. पुढच्या दीडशे वर्षांत आखूड होत होत कमरेशी आला, बाह्याही गेल्या. त्यालाच ते वेस्टकोट म्हणू लागले आणि आपल्या जुन्या माणसांनी त्याचं ‘वासकूट’ केलं. म्हणजे पूर्वेचा कपडा पश्चिमेला गेला आणि दोनशे वर्षांनी साहेबाचा म्हणून आपल्याकडं परत आला. आपल्या कापसाचंही असंच झालं, ते पुढं सांगते.

याच काळात युरोपात पुरुषांच्या कोटाला आणि वासकुटाला शिवलेले खिसे आले. बायांना नाही. तिथल्या बाया घागऱ्याच्या आत, कमरेला नाडीनं बांधलेल्या दोन पिशव्या वापरायच्या आणि घागऱ्याच्या फटीतून हात घालून पैसे काढायच्या. पाहा बायांनो, गोऱ्या मडमेचीही कनवटीच होती. पुढं 1881 साली लंडनमध्ये काही बायांनी ‘रॅशनल ड्रेस सोसायटी’ नावाची संस्था काढली. बाईचे कपडे श्वास कोंडणारे, चालताना पायात येणारे नकोत, अंगाला आणि कामाला सोयीचे हवेत, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि ‘ब्लेझर’ हा शब्द? केंब्रिज विद्यापीठात होड्या वल्हवणाऱ्या पोरांचा एक क्लब होता. त्यांचे कोट निखाऱ्यासारखे लालभडक. इंग्रजीत धगधगण्याला ‘ब्लेझ’ म्हणतात, त्यावरून ते नाव पडल्याचं मानतात. म्हणजे खेळणाऱ्या पोरांचा कोट आधी हापिसात गेला, मग बायांच्या अंगावर आला, आणि त्याच्या बाह्या काढल्या की आपली बंडीच उरली!

आता आपल्या कापसाकडे येते, कारण कपड्याची गोष्ट यवतमाळात बसून सांगायची आणि कापूस सोडायचा हे व्हायचं नाही. 1853 साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली. मुंबईहून निघालेली रेल्वे 1867 साली नागपूरला पोचली. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपली छोटी गाडी आली, यवतमाळहून दारव्हामार्गे मूर्तिजापूरला जाणारी. तीच आपली शकुंतला. आता ती बंद आहे, पण तुमच्यापैकी कितीतरी जणी तिच्यात बसल्या असतील. ती रेल्वे मुळात टाकली कापसासाठी. आपल्या आज्या-पणज्यांनी वेचलेला कापूस तिच्यातून मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला आणि पुढं बोटीनं मँचेस्टरला जायचा. तिकडून कापड होऊन परत यायचा आणि आपण तो विकत घ्यायचो. वेचणाऱ्या बाईच्या हाताला काटे आणि बोंडाची टोकं, कापड दुसऱ्याचं, आणि त्या कापडाचा खिसा तिसऱ्याच्या अंगावर.

याच काळात शिकलेल्या घरांतल्या बायांचे कपडे बदलायला लागले. सत्येंद्रनाथ ठाकूर, म्हणजे रवींद्रनाथांचे मोठे भाऊ, आयसीएस झालेले पहिले भारतीय. त्यांची नोकरी आपल्या मुंबई इलाख्यात होती. 1864 साली त्यांच्याबरोबर त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनी देवी मुंबईला आल्या. बंगाली घरात तेव्हा नुसती एक साडी गुंडाळायची पद्धत होती, ती नेसून चारचौघांत जाता येत नसे. त्यांनी मुंबईच्या पारशी बायांचं पाहून साडी, आत परकर आणि वर पोलकं असा वेश घेतला आणि बंगालात नेला. आज देशभर आपण ज्याला साडी नेसणं म्हणतो त्यात या मुंबईच्या मुक्कामाचा मोठा वाटा आहे.

आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेला शिकायला गेल्या. फिलाडेल्फियाच्या थंडीत नऊवारीनं पाय उघडे राहायचे, म्हणून त्या गुजराती पद्धतीनं, पाय झाकतील अशी साडी नेसू लागल्या. साडी सोडली नाही, पण कामाप्रमाणं आणि हवेप्रमाणं बदलली. 1885 सालचा त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. एका बाजूला आनंदीबाई, शेजारी जपानची आणि सीरियाची अशा दोन विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या. मग नाशकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी. ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या, पण बाई म्हणून कोर्टात उभं राहायची परवानगी नव्हती. 1923 साली कायदा झाला तेव्हा कुठं बायांना वकिली करायची मोकळीक मिळाली. आज यवतमाळच्या कोर्टात पांढऱ्या साडीवर काळा कोट घातलेल्या वकील ताई आपल्याला दिसतात. तो कोट पाहिला की मला ते साल आठवतं. साडीवरचं जाकीट हे आपल्याकडे असं कामाबरोबर आलं.

चोळीचं पोलकं झालं, पोलक्याचं झंपर, झंपरचं ब्लाऊज. शिलाई मशीन गावोगाव आली. गळे बदलले, बाह्या लांब-आखूड झाल्या. पण एक गोष्ट शंभर वर्षांत बदलली नाही. ब्लाऊजला खिसा आला नाही. बाईनं पैसे ब्लाऊजच्या आतच कोंबायचे. घामानं भिजलेली नोट दुकानदारापुढं करताना मान खाली घालायची.

आता आपल्या शेजारच्या वर्ध्याला चला. गांधीजी 1934 साली वर्ध्याला आले आणि 1936 पासून सेवाग्रामला राहू लागले. या भागात खादी घरोघर गेली. 1935 साली गांधीजींनी आग्रह धरला की सूत कातणाऱ्या बाईला पोट भरेल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल. चरखा संघानं मजुरी वाढवलीही. त्या खादीतूनच कुडत्यावरचं बिनबाह्यांचं जाकीट कार्यकर्त्यांच्या अंगावर आलं आणि नेहरूंच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. आमदार, सरपंच, मास्तर, सोसायटीचा चेअरमन, सगळ्यांच्या अंगात नेहरू जाकीट. वरच्या खिशात पेन, आतल्या खिशात पाकीट. म्हणजे बाईनं कातलेल्या सुताचा खिसा झाला, पण तो बाईच्या अंगावर नव्हता. हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाही. जे झालं ते झालं. पण माहीत असावं.

मग बाईच्या अंगावर जाकीट कधी आलं? मी विचार केला तेव्हा लक्षात आलं, ते तर कधीचंच आलंय, फक्त आपण त्याला जाकीट म्हटलं नाही. कापूस वेचायला, निंदायला, खत टाकायला जाताना आपण साडीवर काय घालतो? नवऱ्याचा जुना शर्ट! ऊन लागू नये, हात खरचटू नयेत, साडी फाटू नये म्हणून. त्या शर्टाला खिसा असतो, आणि त्या खिशात तंबाखूची पुडी, दहा-वीस रुपये, आता तर मोबाइलही असतो. पण संध्याकाळी गावात शिरताना आपण तो शर्ट काढून डालीत टाकतो. का? तर तो पुरुषाचा कपडा आणि मजुरीचा कपडा. शेतात चालतो, चारचौघांत नाही.

मजुरी बाईच्या हातात थेट यायला लागली तीही फार जुनी गोष्ट नाही. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं राज्यभर निघाली. तेव्हा मुख्यमंत्री होते आपल्या पुसदचे वसंतराव नाईक, आणि योजनेची कल्पना वि. स. पागे यांची. पुढं 1977 साली कायदा झाला. कामाच्या मापाप्रमाणं बाई-पुरुषाला सारखा दर. खडी फोडून, माती वाहून कितीतरी बायांनी पहिल्यांदा स्वतःच्या नावावर मजुरी घेतली. 1975 साली महिला आर्थिक विकास महामंडळ, आपलं माविम, सुरू झालं. 1992 साली नाबार्डनं देशात 500 बचत गट बँकेशी जोडण्याचा प्रयोग केला. 2011 पासून आपल्या राज्यात ‘उमेद’ अभियान आलं. गाठीतला पैसा वहीत आला, वहीतून बँकेत आला. पासबुक आलं, आधार कार्ड आलं, मोबाइल आला, शिक्का आणि पॅड आलं. ठेवायची जागा मात्र तीच, पदराची गाठ नाहीतर कापडी पिशवी.

टीव्हीवर आपण सुषमा स्वराज यांना पाहिलं आहे. साडी, कपाळावर मोठी टिकली, आणि साडीवर बिनबाह्यांचं जाकीट. 2014 ते 2019 त्या देशाच्या परराष्ट्रमंत्री होत्या. जगभरच्या मंत्र्यांपुढं त्या याच वेशात बसायच्या. त्यांना कुणी पुरुषी म्हटलं नाही. त्या बैठकीनंतर मी आमच्या गटात त्यांचाच फोटो नेला. म्हटलं, हे बघा, साडीवरचं जाकीट. आपण असं शिवायचं, खिशाचं.

लगेच कुणी हो म्हटलं नाही. एक ताई म्हणाली, सासू काय म्हणेल? दुसरी म्हणाली, उन्हाळ्यात मरायचं का त्यात? आमच्या गटात शिलाई मशीन असलेल्या दोघी आहेत. त्यांनी पहिलं जाकीट शिवलं खजिनदार ताईंसाठी, नवऱ्याच्या जुन्या फुलपँटच्या कापडाचं. ते घालून ताई बँकेत निघाल्या तर पारावरच्या माणसांनी विचारलंच, “काऊन वो, वकीलीनबाई झाल्या का?” ताई म्हणाल्या, “वकीलीन नाही, खजिनदार हावो. पैसे हायत खिशात.” पुढं कुणी काही बोललं नाही. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “मले बी एक शिव. चंची ठेवाले खिसा मोठा कर.”

आता शिवायचं आणि घालायचं कसं, ते सांगते. लिहून घ्या किंवा लक्षात ठेवा.

कापड सुतीच घ्या. आपल्याकडं मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, तिथं टेरिकॉट अंगाला चिकटतं. जाडसर खादी, हातमाग किंवा जुनी सुती चादरही चालेल. 36 इंच पन्ह्याचं सव्वा ते दीड मीटर पुरतं. कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल. अस्तर पूर्ण लावू नका, फक्त पुढच्या दोन भागांना लावा. पाठ मोकळी राहिली तर घाम वाळतो.

मुंढा ब्लाऊजच्या मापापेक्षा अर्धा-पाऊण इंच मोठा ठेवा, म्हणजे ब्लाऊजची बाही आत चुरगळत नाही. लांबी कमरेच्या खाली चार-पाच इंच. दोन्ही बाजूंना काप ठेवा, नाहीतर निऱ्यांवर जाकीट फुगतं आणि खाली बसता येत नाही. पुढं तीन बटणं पुरेत. गळा नेहरू जाकिटासारखा उभ्या पट्टीचा करा किंवा ब्लेझरसारखी मुरडलेली कॉलर लावा, तुमची आवड. बारक्या अंगाच्या बाईला कॉलर शोभते. मानेला घाम येणाऱ्या बाईनं साधा व्ही गळा घ्यावा.

खिसा मात्र नीट करा, सगळं त्याच्यासाठीच आहे. बाहेर दोन खिसे, खाली. आत डाव्या बाजूला चोरखिसा, सहा इंच रुंद आणि सात इंच खोल, म्हणजे पासबुक आणि मोबाइल दोन्ही मावतात. त्याला चेन किंवा टिचबटण लावा. खिशाच्या तोंडाशी दोनदा टीप मारा. फाटतो तो तिथंच.

साडीवर घालताना दोन पद्धती. डोक्यावर पदर घ्यावा लागत असेल तर जाकीट ब्लाऊजसारखं आत घाला आणि पदर त्यावरून घ्या. पदर मोकळा राहतो आणि आतला खिसाही पदराखाली झाकला जातो. डोक्यावर पदर नसेल तर पदराच्या बारीक निऱ्या करून खांद्याला पिन लावा, वरून जाकीट घाला, पदराचं टोक मागून खाली सोडा. गाडीवर बसताना ते पुढं घेऊन खोचा, चाकात जायला नको. साडी फुलाफुलांची असेल तर जाकीट एकरंगी, साडी एकरंगी असेल तर जाकीट चौकड्याचं किंवा भरतकामाचं. आमच्या तांड्यावरच्या मैत्रिणी खिशाच्या पट्टीवर आपलं भरतकाम करतात, दहा जाकिटांत ते उठून दिसतं. पोरींनो, तुम्ही कुर्त्यावर, जीन्सवर घाला. मुलाखतीला जाताना नवा ब्लेझर विकत घ्यायलाच हवा असं नाही. घरात जुना कोट असेल तर बाह्या उसवा, मुंढ्याला गोट लावा, झालं तुमचं बिनबाह्यांचं ब्लेझर.

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली. खिसा शिवला म्हणजे सगळं झालं असं नाही. आमच्याच एका सभासदाच्या नवऱ्यानं खुंटीला टांगलेल्या जाकिटात हात घालून पैसे काढले. ती रडत बैठकीला आली. म्हणाली, “गाठ बरी होती, त्याले दिसत नव्हती.” तिचं म्हणणं खोटं नव्हतं. गाठ लपवता येते, खिसा दिसतो. आम्ही तिच्या घरी गेलो, भांडायला नव्हे, बसायला. चहा घेतला. तिच्या नवऱ्याला म्हटलं, भाऊ, तुमच्या बंडीत कुणी हात घातलेला चालतो का तुम्हाला? त्यानं मान खाली घातली. सगळं एका दिवसात सुधारलं असं मी सांगणार नाही. पण आता ती गटाचे पैसे घरी आणतच नाही, भरणा करूनच येते. आणि स्वतःचे पैसे खिशात ठेवते, उघड. बाईजवळ पैसा आहे हे घराला दिसलं पाहिजे, आणि दिसूनही त्याला कुणी हात लावता कामा नये. हे जाकिटाला करता येत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं.

आणि त्या 1850 रुपयांचं काय झालं? बैठकीत ठरलं की एकटीवर टाकायचं नाही. गटानं दंडाच्या रकमेतून अर्धे भरले, उरलेले सगळ्यांनी वाटून घेतले. खजिनदार बदलायचा विषय निघाला तेव्हा त्याच म्हातारीनं सांगितलं, “बाई नको बदलू, खिसा बदला.”

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला मी येईन तेव्हा पाहीन, किती जणींना खिसा आहे. आणि घरी आजी असेल तर तिला विचारा, ती पैसे कुठं ठेवायची. तो इतिहास कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. तो तिच्यापाशीच आहे.